कचऱ्याच्या टोपलीची हद्द

टिपणीसकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते संगणकाच्या पडद्याला लाकडी फूटपट्टी लावून बसले होते. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर, आणि नाक काचेपासून चार बोटांवर. पडद्यावरच्या 'माय कॉम्प्युटर' आणि त्याखालच्या 'रिसायकल बिन' या दोन चित्रांमधलं अंतर ते मोजत होते. मी दारात ओढणी सावरत उभी. त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुम्हीच का त्या कॉम्प्युटरवाल्या भोईरबाई?" मी हो म्हटलं. "मग हे बघा. ही कचऱ्याची टोपली हद्दीत नाही. एक आणा पूर्वेला गेली आहे. कोणी सरकवली?"

वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या पहिल्या पाच मिनिटांत, माझ्यावर अतिक्रमणाचा आळ आला. मी घाबरून म्हटलं, "काका, मी आत्ताच आलेय." त्यावर ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात," आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी खारबावची. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आमच्या आळीतली पहिली मुलगी, त्यामुळे वडील ज्याला त्याला थांबवून सांगायचे, "पोर आमची मशिनीवर कामाला हाय." ते मशीन भिवंडीत कल्याण नाक्याजवळ, एका लूमच्या कारखान्यावरच्या माडीवर होतं. तिथे शेठचं ऑफिस. शेठ वडप्याला आणि कशेळीला जागा घेऊन त्यावर गोदामं बांधायचे. खाली दिवसभर लूमचा खडखडाट, वर आम्ही चौघं: शेठ, त्यांचे ड्रायव्हर इस्माईलभाई, टिपणीसकाका आणि मी.

काका सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी तालुक्यातले बांध मोजले होते. भिवंडीतलं जुनं घराणं, पांढरा लेंगा-सदरा, इस्त्रीची घडी इतकी सरळ की तीसुद्धा मोजून घातली असावी. त्यांच्या काळी मोजणी साखळीने व्हायची. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग, आणि त्यातला एक भाग म्हणजे आणा. पुढे टेप आली, मीटर आले, पण काकांच्या डोक्यातले आणे काही हलले नाहीत. घरून ऑफिस किती लांब असं विचारलं तरी ते साखळ्यांत सांगायचे. कामाच्या वेळी मला 'भोईरबाई' आणि 'तुम्ही' म्हणायचे. चहा आला की 'अलका' आणि 'तू'.

संगणक त्यांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा इतर माणसांना त्यात मशीन दिसलं. काकांना त्यात जमीन दिसली. समोर हिरवट निळं मोकळं रान, त्यावर इकडेतिकडे घरं वसलेली, ना बांध, ना दगड, ना कोणाचा नंबर. ते फार अस्वस्थ झाले. म्हणाले, "हे तर सगळं गावठाणाबाहेर चाललंय." मग त्यांनी जाड कागदावर पडद्याचा नकाशा काढला, तेवीस चित्रांना तेवीस सर्व्हे नंबर दिले, आणि एका चित्राची रुंदी म्हणजे चार आणे असं स्वतःच ठरवून टाकलं. उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला. उत्तर छताच्या पंख्याकडे होती.

मला पगार मिळायचा तो काकांना संगणकावर नकाशा काढायला शिकवण्याचा. शेठनी पहिल्याच आठवड्यात त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं, "काका, वडप्याच्या प्लॉटचा नकाशा आता कॉम्प्युटरवर काढून पाहिजे. दसऱ्यापर्यंत टाइम देतो. नाही जमलं तर मग आप घर पे आराम करो. वाईट वाटून घेऊ नका." काकांनी मान हलवली. दसऱ्याला नऊ आठवडे होते.

त्या दिवशी चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "अलका, घरी बसलो ना, तर मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची मोजणी करायला लागेन. सूनबाई चांगली आहे. तिला का त्रास?" मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "मला खुर्ची बसायला नको आहे गं. आता इथे रोज भिंती उठणार. त्यातली एखादी तरी जागेवर उभी राहावी, एवढ्यासाठी हवी आहे." मला हे ऐकून त्यांची फार माया वाटली. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी यांना शिकवायचंच.

पण ते शिकायला तयार होतील तर ना! "आधी हद्द, मग बाकी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पडद्यावरची चित्रं जागेवर बसल्याशिवाय ते पुढचं बटण दाबायचे नाहीत. आणि चित्रं जागेवर बसायची नाहीत, कारण भिवंडीची वीज. लाइट गेले की खालचे लूम बंद. लाइट आले की सगळे लूम एकदम सुरू, व्होल्टेज खाली, आणि आमचा संगणक पुन्हा आडवा. धक्क्यातून उठला की त्याला काही सुचायचं नाही. सगळी चित्रं मोठी मोठी होऊन डाव्या कडेला एकमेकांना चिकटून उभी राहायची. दिवसातून तीनदा. काका तीनदा कपाळावर हात मारायचे. "गेलं. अख्खं गाव ओढ्यात गेलं."

प्रत्येक वेळी पंचनामा व्हायचा. पंच दोन: मी आणि इस्माईलभाई. एक मला अजून पाठ आहे. "समक्ष हजर राहून पाहता, 'लेटर्स' नावाचा फोल्डर मूळ जागेपासून पश्चिमेस अंदाजे नऊ आणे सरकून 'रिसायकल बिन'ला खेटून उभा असल्याचे दिसून आले. सदर फोल्डरास विचारणा करता त्याने समाधानकारक खुलासा केला नाही." खाली आमच्या सह्या. इस्माईलभाई उर्दूत करायचे. काका त्याखाली 'सही ओळखतो' असं लिहून स्वतःची सही करायचे.

चित्र परत जागेवर नेतानाही पद्धत होती. शेजाऱ्यांना कळवल्याशिवाय मोजणी होत नाही. म्हणून काका खुर्चीतून उठायचे आणि मोठ्याने पुकारायचे, "सर्व्हे नंबर सात, लेटर्स फोल्डर, मूळ जागी नेत आहोत. लगतच्या कोणाची हरकत?" असं तीनदा. एकदा इस्माईलभाई चहाचे ग्लास घेऊन आत येत होते. त्यांना चेष्टा सुचली. म्हणाले, "हां काका, मेरी हरकत है." काकांनी माउसवरचा हात काढून घेतला. वहीत नोंद केली, "हरकतदार इस्माईल, रा. भिवंडी, सुनावणी आठ दिवसांनी," आणि त्या फोल्डरला आठ दिवस कोणाला हात लावू दिला नाही. शेठला एक पत्र हवं होतं, ते त्याच फोल्डरमध्ये होतं. सुनावणीच्या दिवशी इस्माईलभाई बिचारे कान पकडून म्हणाले, "काका, केस वापस लेता हूँ." काकांनी तेही लेखी घेतलं.

शेवटी साबुदाणा आला. काकांचा मंगळवारचा उपास असायचा. एका मंगळवारी मी जेवून परत आले तर त्यांनी डब्यातल्या खिचडीतला एकेक दाणा निवडून पडद्याच्या काचेवर, प्रत्येक चित्राच्या चार कोपऱ्यांवर चिकटवला होता. दगड पुरल्यासारखा. "शेजारच्या दोघांत दगड सामाईक असतो," ते समजावून सांगत होते, "त्यामुळे दाणे वाचतात." दोन दिवसांत मुंग्या लागल्या. त्या मुंग्या एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर इतक्या सरळ जायच्या की काका खूश. "बघा, जनावराला हद्द कळते." शेठ येऊन पडद्याकडे बघत राहिले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "याला बुरशी आली काय?" कोणाला, काकांना की संगणकाला, ते मला नीट कळलं नाही. मी "दसऱ्यापर्यंत जाईल," एवढंच म्हटलं.

चार आठवडे गेले होते आणि काकांनी नकाशाची एक रेघ काढली नव्हती. मला रडू यायचं. तेव्हा मी क्लासच्या सरांना गाठलं आणि तीन रविवार त्यांच्या खनपटीला बसून एक छोटासा प्रोग्राम लिहिला. अगदी चिमुकला, फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात मावणारा. त्याचं काम एकच. पडद्यावरच्या प्रत्येक चित्राचं नाव, आणि नावापुढे दोन चौकोन: डावीकडून किती ठिपके, वरून किती ठिपके. आकडे टाकायचे. खाली एक बटण, त्यावर मी इंग्रजी अक्षरांत 'कायम' असं लिहिलं होतं. ते दाबलं की सगळी चित्रं आपापल्या आकड्यावर.

सोमवारी काकांनी सगळ्या आण्यांचे ठिपके करून आकडे भरले. तेवढ्यात लाइट गेले, आले, खाली लूम धडधडले, संगणक पडला, उठला, आणि गाव नेहमीसारखं ओढ्यात. काकांनी एका बोटाने 'कायम' दाबलं. तेवीसच्या तेवीस चित्रं टपाटप उठून आपल्या जागी जाऊन बसली. कचऱ्याची टोपलीसुद्धा.

काका उभे राहिले आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. "भोईरबाई," ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी हरवलेले दगड शोधत फिरलो. आपल्या पायांनी परत आलेला दगड आज पाहिला." मग त्यांनी मला ओल्या फडक्याने साबुदाणा पुसायला सांगितला. मुंग्या आणखी दोन दिवस येऊन काच हुंगून जात होत्या.

त्यानंतर काका जे शिकले ते बघून मी चाट पडले. माउसला मात्र त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. "हाताने ओढलेली रेघ ओढणाऱ्याच्या मनासारखी जाते," ते म्हणायचे. "आकडा टाकला की ती आकड्यासारखी जाते." नकाशाच्या प्रोग्राममध्येही ते एकेक कोपरा आकड्यांनी टाकायचे. दोन आठवड्यांत माझ्यापेक्षा जलद झाले.

आकडे आणायला आम्ही वडप्याला गेलो. इस्माईलभाईंनी जीपमधून नेलं. साखळीचं एक टोक काकांकडे, एक माझ्याकडे. प्लॉटच्या पूर्वेला जानीबाई नावाच्या वारली बाईचं भाताचं शेत होतं. भात पोटरीला आलेला. ती हातात विळा घेऊन आमच्याबरोबर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालत राहिली. एका उंबराखाली काकांनी पालापाचोळा बाजूला केला, तर खाली जुना हद्दीचा दगड. ते त्याच्याकडे बघून जुन्या मित्रासारखे हसले. जानीबाईने विचारलं, "बाबा, रेघ हिकडं न्हाय ना येनार?" काका म्हणाले, "दगड इथे आहे ना? मग रेघ इथेच." ती मला म्हणाली, "पोरी, तू बी बघितलास ना?" मी हसून म्हटलं, "बघितला, बघितला."

दसऱ्याच्या चार दिवस आधी नकाशा पुरा झाला. शेठनी तो पाहिला, काकांची पाठ थोपटली, आणि पूर्वेच्या रेघेवर बोट ठेवलं. "फक्त ही जरा सरकवा. ट्रेलर वळायला जागा कमी पडते. साडेतीन आणे घ्या पलीकडे." काकांना बरं वाटावं म्हणून त्यांनी मुद्दाम आण्यांत सांगितलं असावं. साडेतीन आणे म्हणजे सव्वासात फूट, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तिथे जानीबाईचं शेत आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे. आदिवासीची जमीन आहे, विकत घेता येत नाही. म्हणून तर सरकवा म्हणतोय."

"शेठ, घेता येत नाही ती सरकवता कशी येईल?"

"कॉम्प्युटरवर येते की. त्यासाठीच तर घेतला." शेठ चिडले नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की काकांना बटण सापडत नाहीये. मग ते म्हणाले, "उद्या सकाळी रेघ सरकलेली प्रिंट माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर खुर्ची सोडा. दोन्हीतलं एक." काका "बरं" म्हणाले आणि पाचच्या ठोक्याला, रोजच्यासारखे, छत्री घेऊन निघून गेले.

सव्वापाचला शेठनी मला बोलावलं. "भोईर, तूच कर. म्हातारा नाही करणार. त्याची खुर्ची पण वाचेल, तुझी पण."

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. मला वाटलं, खरंच, काकांची खुर्ची वाचेल. आणि दुसरंही वाटलं. नऊ आठवडे मी या माणसाला एका चित्राच्या एका आण्यासाठी पंचनामे करताना पाहिलं होतं. त्या पंचनाम्यांवर मी हसत सह्या केल्या होत्या. मला वाटलं, हेही त्यातलंच. काकांचं वेड. त्यांना काय, टोपली सरकली तरी दुःख आणि शेत सरकलं तरी दुःख. मी माउसने रेघ पकडली, पूर्वेला ओढली आणि सोडली. प्रिंट काढून शेठच्या टेबलावर ठेवली आणि खारबावची गाडी पकडली.

सकाळी काका माझ्या आधी आले होते. प्रिंट त्यांच्या हातात होती, पट्टी टेबलावर. त्यांना पट्टीची गरज पडली नसावी. मी आत येताच त्यांनी विचारलं, "किती वेळ लागला?"

मी म्हटलं, "काका, तुमची खुर्ची—"

"वेळ किती लागला, ते विचारतोय."

"एक सेकंद."

त्यांनी मान हलवली. मी घाईघाईने म्हटलं, "मी नसती सरकवली तर शेठनी दुसऱ्या कोणाकडून करून घेतली असती."

"हो, घेतली असती," काका म्हणाले. "मग दुसऱ्याला सरकवू द्यायची होतीस ना, अलका." चहाची वेळ नव्हती, तरी ते 'अलका' म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फूटपट्टी पिशवीत घातली, इस्माईलभाईंना सलाम केला आणि जिना उतरून गेले. दसऱ्याला शेठनी मला पेढे दिले आणि काकांच्या खुर्चीवर बसवलं. पगारही वाढला. वडिलांनी आळीत तेही सांगितलं.

वडप्याला भिंत उठू लागली. काकांनी जानीबाईच्या नावाने तहसील कचेरीत हरकतीचा अर्ज केला आणि तिच्याबरोबर तारखांना जाऊ लागले. इस्माईलभाई मला सांगायचे. साहेब यायचे नाहीत, तारीख पुढे जायची. काका तोवर बाहेरच्या बाकाची मोजणी करायचे आणि बाक सरकारी नोंदीपेक्षा दीड आणा आखूड असल्याचं शिपायाला दाखवून द्यायचे. शिपाई त्यांना बघितलं की आत जाऊन बसायचा. हे ऐकून मी हसायचे आणि मग दिवसभर मला काही सुचायचं नाही. त्यांच्या घरावरून रिक्षा जायची, पण मी कधी उतरले नाही. काय तोंड दाखवणार होते?

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत खेळ संपला. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. सूनबाई रडत होती आणि हसतही होती. सांगत होती, शेवटपर्यंत पलंग भिंतीपासून सारखा सरकवायला लावत होते, मधे दोन बोटं जागा हवी, भिंत सामाईक आहे म्हणून.

मी निघाले तर पायरीवर जानीबाई बसलेली. वडप्याहून आली होती, पाय चिखलाने भरलेले. तिने मला निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "तू ती साखली धरलेली पोर ना?" ती म्हणाली. "बाबा गेला. आता माजं कोन न्हाय. पन तू व्हतीस ना तितं? तू दगड बघितलास. बुधवारी तारीख हाय. साहेबाला सांगशील?"

तिला काही माहीत नव्हतं. काकांनी तिला सांगितलं नव्हतं. आठ महिने ते तिच्याबरोबर त्या बाकावर बसले, नकाशा कोणी बिघडवला यावर बोलायला त्यांना भरपूर वेळ होता, आणि त्यांनी माझं नाव काढलं नव्हतं.

बुधवारी मी शेठना न सांगता गेले. त्या दिवशी नेमके साहेब आले होते. जानीबाई दाराशी उभी राहिली, मी पुढे होऊन शेठच्या ऑफिसात कामाला असल्याचं सांगितलं. साहेबांनी आमच्या ऑफिसचा नकाशा पुढे केला आणि विचारलं, "हा तुमच्याकडेच तयार झाला? काढला कोणी?"

"टिपणीसांनी," मी म्हटलं. "पूर्वेची रेघ सोडून."

"ती कोणी काढली?"

"ती सरकवली आहे. शेठनी सांगितलं होतं."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून लिहू लागला, "मालकाच्या सांगण्यावरून—"

"नाही," मी म्हटलं. "ते नंतर लिहा. आधी लिहा, मी सरकवली."

कारकुनाने पेन झटकलं आणि माझं पूर्ण नाव विचारलं.